पाटी, पेन्सिल आणि शंभर मीटरचा टेप: प्रवाळ मोजायला जाणाऱ्या नवख्या डायव्हरसाठी

मालवणला जाऊन आलेला माणूस हमखास सांगतो, "आम्ही स्कूबा केलंय." केलेलं असतं, खोटं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी थांबते. एक जण मागून सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो, मासे तोंडासमोर यावेत म्हणून काहीतरी खायला टाकतो, फोटो काढतो आणि थोड्याच वेळात वर आणतो. मजा येते. पण मी ज्या कामाबद्दल लिहिणार आहे त्यात मागून धरायला कुणी नसतं. तळापासून अर्ध्या मीटरवर, कशालाही हातपाय न लावता तरंगत राहायचं आणि त्याच वेळी पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात यायला मला दीड वर्ष लागलं. रजा आणि पैसे हाताशी असतील तर सहा महिन्यांतही जमेल. त्याहून घाई मात्र करू नका.

काम नेमकं काय आहे

प्रवाळभिंतींवर लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ मोजके आणि भिंती अफाट. उलट सुट्टीत पाण्यात उतरणारे हौशी डायव्हर ढिगाने. हा हिशेब मांडून ग्रेगर हॉजसन या सागरी शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये 'रीफ चेक' हा उपक्रम सुरू केला: भिंतीवर टेप अंथरायचा आणि त्याच्या आजूबाजूचे ठरावीक मासे, प्राणी आणि तळ मोजायचा. १९९७ च्या पहिल्या मोजणीत तीसेक देशांतल्या ३०० हून जास्त प्रवाळभिंती पाहिल्या गेल्या. मोजणारे बहुतेक जण हौशी, शास्त्रज्ञांनी शिकवून तयार केलेले. अनेक ठिकाणी मोठ्या हेकरूच्या (ग्रूपर माशाच्या) आणि शेवंडीच्या रकान्यात शून्य आलं, चांगल्या समजल्या जाणाऱ्या भिंतींवरसुद्धा. मासेमारीने समुद्र किती उपसलाय ते त्या शून्यांमुळे कागदावर आलं.

हे सुरुवातीलाच सांगतेय, कारण नवख्याचा सगळा जीव 'काय काय दिसलं' यात अडकलेला असतो. पहिल्या मोजणीत मी कासवामागे बघत बसले आणि माझ्या पाच मीटरच्या पट्ट्यातून काय गेलं ते मला सांगता येईना. कासव माझ्या मोजायच्या माशांच्या यादीत नव्हतंच.

एकदा मोजून फारसं काही कळत नाही, हेही लक्षात ठेवा. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी प्रवाळांचा मागोवा घेत आहेत. तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन २४ वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं, हे सांगता आलं ते इतकी वर्षं पुन्हा पुन्हा पाण्यात उतरल्यामुळेच. म्हणून कोणत्याही मोजणीला नाव देण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: याच जागी मागच्या वर्षी कुणी मोजलं होतं का, आणि पुढच्या वर्षी मोजणार आहात का? उत्तर गुळमुळीत आलं तर ती सहल आहे. सहल म्हणून खुशाल जा.

सिलिंडरशिवाय सुरुवात

मुंबईत राहत असाल तर पहिला धडा ओहोटीला गिरवा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतो. गिरगाव, जुहू, हाजी अली या नेहमीच्या जागा. मुंबईत प्रवाळ आहेत हे ऐकून लोक हसतात. पण हाजी अली आणि वरळीला ते आहेतच, आणि कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. अशा फेरीसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस धरा, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. मालवणात डाईव्हला जाताना गणित उलटं होतं. तिथे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बघा. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे गाळ कमी उठतो आणि दिसतं बरं.

पोहता येतं पण डाईव्ह करायची नाही, अशांसाठी रंगावरून प्रवाळाची तब्येत ताडायचं 'कोरलवॉच'चं कार्ड आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. कार्डावर चार रंगछटा असतात आणि प्रत्येक छटेच्या १ ते ६ अशा पायऱ्या. १ म्हणजे पांढरटपणाकडे झुकलेली, ६ म्हणजे गडद. एकेका प्रवाळाचा सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद भाग कार्डाशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. फांद्यांसारखा वाढणारा प्रवाळ असेल तर फांदीचं टोक धरू नका. ते वाढतं टोक मुळातच फिकं असतं, आजारी नसतं. एका फेरीत निदान वीस प्रवाळ तरी करा.

आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा घरी आणू नका. २००१ पासून भिंत बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला.

प्रमाणपत्र, आणि त्यानंतरचं रखडणं

मोजणीला उतरायला किमान 'ओपन वॉटर' प्रमाणपत्र लागतं. तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम, त्यात समुद्रातल्या चार डाईव्ह, आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जायची मुभा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि अंदमान हे बाकीचे नेहमीचे पर्याय. वैद्यकीय फॉर्मवर दमा, कान, रक्तदाब याबद्दल खरं लिहा. एवढंच.

प्रमाणपत्र मिळालं की लगेच मोजणीला पळू नका. वीस-पंचवीस साध्या डाईव्ह आधी करून घ्या. कारण पाण्यात माणसाचं डोकं एका वेळी फार कामं करत नाही. हवा किती उरली, बडी (जोडीदार डायव्हर) कुठे आहे, खोली किती, याकडे आपोआप लक्ष जायला लागलं की मगच माशांसाठी डोक्यात जागा उरते.

तरंगणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रवाळ मोजायला गेलेला डायव्हर फिनने प्रवाळच मोडत असेल, तर तो घरी बसलेला बरा. हे मी स्वतःलाच ऐकवलेलं वाक्य आहे.

नवख्यांकडे बहुधा वजन जास्त असतं. इन्स्ट्रक्टरला तुम्ही पटकन खाली यायला हवे असता, म्हणून कमरेला एखादं शिसं जास्तच अडकवलं जातं. मग ते जास्तीचं वजन पेलायला जॅकेटमध्ये हवा भरायची, ती हवा खोलीप्रमाणे फुगते-आकसते, आणि तुम्ही दिवसभर वरखाली झुलत राहता. तपासायची रीत सोपी आहे: डाईव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, जॅकेट रिकामं करून ५ मीटरवर थांबा. नेहमीच्या श्वासावर तिथल्या तिथे राहता आलं पाहिजे. खाली जात असाल तर पुढच्या डाईव्हला एक किलो कमी करा.

त्यानंतर श्वास. छाती भरली की किंचित वर, सोडला की किंचित खाली. ही ये-जा एका वितीत आली की पाटी हातात घ्या. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतंच. तेवढ्या वेळात मी पाटीवर एक ते तीसचे आकडे लिहायचे. पहिल्यांदा अकरापर्यंत पोचले तेव्हा दोन मीटर वर गेले होते. पाय गुडघ्यात वाकवून बेडकासारखे मारायला शिका. कात्रीसारखे वरखाली मारले की तळाचा गाळ उठतो आणि मागच्या माणसाची पाटी कोरी राहते.

पेन्सिल साधी शाळेतलीच, दोन्ही बाजूंनी टोक केलेली, दोरीने पाटीला बांधलेली. शिवाय एक जादा, जॅकेटच्या खिशात. मोजणी बंद पडायचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे मोडलेलं टोक.

डोळ्यांची सवय

पाण्यात मास्कमधून सगळं सुमारे एक-तृतीयांश मोठं दिसतं. मोजणीत मात्र हेकरू (काही ठिकाणी गोबरा म्हणतात) ३० सेंटिमीटरहून मोठा असेल तरच लिहायचा आणि पोपट मासा २० हून मोठा असेल तर. म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवला तर २३ सेंटिमीटरचं पिल्लूही यादीत शिरतं.

उपाय घरगुती आहे. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचे १५, २०, २५, ३०, ४० सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या, भोकं पाडा म्हणजे बुडतील, दोरीला बांधा आणि बडीला ते पाण्यात धरायला सांगा. तुम्ही अंदाज लिहायचा, वर येऊन ताडून बघायचा. दोन दिवसांत अंदाज जागेवर येतो. आठवडाभर पाण्याबाहेर राहिलात की पुन्हा बिघडतो, म्हणून प्रत्येक मोजणीआधी हा खेळ परत.

रंगांवरही जाऊ नका. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी दहा मीटरवर करड्या-तपकिरी रंगाची दिसते. आकार, शेपटी, पोहण्याची ढब यावरून ओळखायला शिका. मासळी बाजारात वाढलेल्या माणसाला इथे फायदा होतो. माझी आई कधी पाण्यात उतरली नाही, पण फोटोतला हेकरू तिने माझ्याआधी ओळखला, जबड्यावरून.

यादी छोटी का आहे

शेकडो जातींपैकी रीफ चेकच्या कागदावर मोजकीच नावं असतात. ती देखणी म्हणून निवडलेली नाहीत. प्रत्येक नावामागे एक प्रश्न आहे, आणि तो कळला की नावं पाठ करावी लागत नाहीत.

आपल्या बाजूच्या समुद्रांसाठी, म्हणजे हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकसाठी, माशांत हेकरू, तांबोशीच्या कुळातले स्नॅपर, स्वीटलिप्स, बारामुंडी कॉड, हंपहेड राॅस आणि टेंगूळवाला मोठा पोपट मासा आहेत. हे खाण्यासाठी पकडले जातात. ते नाहीत म्हणजे जाळं आणि भाला येऊन गेलाय. हंपहेड दोन मीटरपर्यंत वाढतो, जिवंत माशांच्या व्यापारात त्याला प्रचंड भाव आहे आणि २००४ पासून तो धोक्यातल्या जातींत गणला जातो. फुलपाखरू मासे वेगळ्या कारणाने आहेत: त्यांतले बरेच प्रवाळ खाऊनच जगतात, शिवाय मत्स्यालयांसाठी पकडले जातात. पोपट मासे शेवाळ खरवडून खडक साफ ठेवतात. आणि मोरे ईल, बिळातून तोंड काढून बसणारी.

बिनकण्याच्या प्राण्यांत शेवंड, जायंट क्लॅम आणि सी-ककुंबर खाण्यासाठी जातात. पट्टेदार कोळंबी मत्स्यालयांसाठी, पेन्सिलीसारख्या जाड काट्यांचा सी-अर्चिन शोभेच्या वस्तूंसाठी. ट्रायटन हा मोठा शंखही शोभेसाठीच उचलला जातो, आणि गंमत अशी की प्रवाळ फस्त करणाऱ्या काटेरी मुकुटाच्या तारामाशाला जो थोडेच प्राणी खातात त्यांत हा एक आहे. म्हणून कागदावर दोघंही आहेत.

लांब काळ्या काट्यांचा डायाडेमा सी-अर्चिन कॅरिबियनमधल्या घटनेमुळे सगळ्यांना ठाऊक झाला. १९८३ मध्ये पनामाजवळ त्याच्यात रोगाची साथ आली आणि वर्षभरात बहुतेक कॅरिबियनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त सी-अर्चिन मेले. शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही, आणि प्रवाळांच्या जागी शेवाळाची रानं माजली. याउलट तो फार वाढला तरी खडक पोखरून टाकतो. म्हणून 'भरपूर होते' असं लिहून भागत नाही, आकडाच लिहायचा. (त्याचा काटा टोचतो. सांगून ठेवते.)

मोजणीचा दिवस

मी हे मलेशियातल्या तिओमान बेटावर शिकले. 'रीफ चेक मलेशिया' तिथे दरवर्षी स्वयंसेवकांना घेऊन मोजणी करतं. त्याआधी 'इकोडायव्हर' नावाचं काही दिवसांचं प्रशिक्षण असतं, ओळखण्याच्या परीक्षेसकट. आपल्यासाठी एक सोय: जूनमध्ये मालवणचा समुद्र बंद होतो तेव्हा तिओमानचा हंगाम भरात असतो, आणि तिथला पाऊस नोव्हेंबरपासून सुरू होतो. परतीचं विमान मात्र शेवटच्या डाईव्हनंतर किमान १८ तासांनी असू द्या, आणि डाईव्हचा विमा काढल्याशिवाय निघू नका.

सकाळी १०० मीटरचा टेप एकाच खोलीवर, भिंतीच्या कलाने अंथरला जातो. एक उथळ, २ ते ६ मीटरच्या दरम्यान. दुसरा ६ ते १२ मध्ये. टेपचे २० मीटरचे चार तुकडे धरतात, मधे ५ मीटर सोडून: ० ते २०, २५ ते ४५, ५० ते ७०, ७५ ते ९५. मधलं अंतर सोडतात म्हणजे चार मोजण्या एकमेकींपासून सुट्या राहतात. ऐन भरात मोजता मोजता २० वर थांबायचं विसरून मी २३ वर गेलेय. टेपला रंगीत चिकटपट्टी लावून घ्या.

टेप अंथरून झाला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि पंधरा मिनिटं काही करायचं नाही, बिथरलेले मासे परत येईपर्यंत. मग मासे मोजणारी डायव्हरांची जोडी आधी जाते. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि वर पाच मीटर, एवढाच तुमचा मुलूख. दर पाच मीटरवर थांबायचं, लपलेले बाहेर यायची वाट बघायची, लिहायचं, पुढे जायचं. जो मासा मागून येऊन तुम्हाला ओलांडून जातो तो पुन्हा मोजू नका. त्यांच्यामागून बिनकण्याचे प्राणी मोजणारी जोडी त्याच पट्ट्यात, पण डोकं खाली करून, कपारीत टॉर्च मारत. याच जोडीने तुटलेले प्रवाळ, नांगराच्या खुणा, जाळ्यांचे तुकडे आणि कचरा यांना ० ते ३ असे गुण द्यायचे असतात.

सगळ्यात शेवटी तळाची मोजणी. मला विचाराल तर खरी कसोटी हीच. दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते लिहायचं: एका तुकड्यात ४० बिंदू, एका टेपवर १६०. तिरप्या नजरेने पाहिलं तर उत्तर बदलतं, म्हणून दोरीला लोखंडी नट बांधून ओळंब्यासारखा सोडतात. तो ज्याला प्रथम टेकतो ते लिहायचं. शेजारी कितीही सुंदर प्रवाळ असो, नट वाळूवर पडला तर वाळू. सुरुवातीला हात आपोआप प्रवाळाकडे झुकतो, प्रत्येकाचा झुकतो.

पर्याय दहाच आहेत, पण दोन-चार जागी सगळे अडखळतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त काही आठवडे तापलं की प्रवाळ आपल्यातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसतो. हेच ब्लीचिंग. १९९८, २०१०, २०१४ ते १७ आणि त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेलं चौथं, अशा जगभरच्या लाटा आल्या. असा पांढरा पण जिवंत प्रवाळ 'कठीण प्रवाळ' याच रकान्यात जातो, ब्लीचिंगची टक्केवारी वेगळी लिहितात. मांस गेलेलं आहे पण सांगाड्यावरची नक्षी अजून कोरीव दिसतेय, तर 'अलीकडे मेलेला'. नक्षी झिजली, वर शेवाळाची लव चढली, तर तो 'खडक'. पंधरा सेंटिमीटरहून लहान तुकडा म्हणजे चुरा. वाळू की गाळ कळत नसेल तर चिमूटभर उचलून सोडा: लगेच खाली बसली तर वाळू, ढग होऊन राहिला तर गाळ.

ओळखता आलं नाही तर बडीला दाखवा. त्यालाही नाही कळलं तर प्रश्नचिन्ह लिहा, फोटो घ्या, वर येऊन विचारा. अंदाजाने नाव ठोकून देणारा अनुभवी डायव्हर हा प्रश्नचिन्ह लिहिणाऱ्या नवख्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

भारतात हे स्वतःच्या जिवावर सुरू करू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, अंदमानात वंडूरचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे टेप अंथरायला वनखात्याची परवानगी लागते. मुंबईच्या 'रीफवॉच'सारख्या संस्थांचं काम अंदमानात चालतं, त्यांच्याकडे चौकशी करा.

संध्याकाळ

पाटीवरचं त्याच संध्याकाळी कागदावर उतरवा. मिठाच्या पाण्यात पुसट झालेला ७ दुसऱ्या दिवशी १ वाटतो. जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, वेळ, पाण्याचं तापमान, मोजणाऱ्याचं नाव, हे आधी भरा.

पहिल्या दिवशी मी माझा कागद दिला तेव्हा त्यात तीन आकडे होते आणि बाकी रकाने रिकामे. गटप्रमुख बाईंनी तो परत केला. "रिकामं म्हणजे दिसलं नाही, की मोजलंच नाही?" मोजलं होतं, दिसलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन परत बसले: हंपहेड शून्य, शून्य, शून्य, शून्य. ट्रायटन शून्य, शून्य, शून्य, शून्य. शेवंड शून्य, शून्य, शून्य, शून्य.